बाण बोटांतून सुटेना

इंग्लंडांतील खेळ म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम क्रिकेटचें हिरवें मैदान उभें राहतें. फार तर विंबल्डनचें. परंतु त्या देशांतील कष्टकरी मनुष्य दिवसभराचें काम आटोपून संध्याकाळीं जो खेळ खेळतो, त्यास ना मैदान लागतें, ना पांढरा पोशाख. भिंतीवर टांगलेली एक गोल तबकडी, तीन लहानसे बाण, आणि तबकडीपासून सात फूट सव्वानऊ इंचांवर जमिनीवर आंखलेली एक रेघ, एवढेंच काय तें त्याचें साहित्य. या खेळास डार्ट्स म्हणतात. ‘पब’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मद्यगृहांत तो बहुधा खेळला जातो, हें वाचून घरांतील वडील मंडळींच्या भुवया वर चढतील हें आम्ही जाणतों. तरीही या खेळावर जन्मभर पोट भरणाऱ्या एका मनुष्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. कारण तींत गुरु आणि शिष्य यांची अशी एक गोष्ट आहे कीं, तिच्यासारखी आपल्याकडील गवयांच्या घराण्यांतही सहसा ऐकूं येत नाहीं.

खेळ समजल्यावांचून खेळाडू समजावयाचा नाहीं, म्हणून प्रथम थोडें खेळाविषयीं. तबकडीचा व्यास सुमारें दीड फूट. रेल्वेच्या रुळांच्या कडेला कुंपणासारखीं वाढलेलीं घायपाताचीं झुडपें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्याच जातीच्या झाडाचा वाख घट्ट दाबून ही तबकडी करतात. बाण उपटून काढला कीं धागे पुन्हां मिटतात आणि भोंक दिसेनासें होतें. तबकडीचे वीस भाग पाडलेले असून त्यांवर एक ते वीस हे आंकडे असतात, पण ते ओळीनें नसतात. विसाच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस पांच; एकोणिसाच्या एका बाजूस तीन आणि दुसऱ्या बाजूस सात. म्हणजे मोठ्या आंकड्याचा लोभ धरणाराचा हात केसभर ढळला कीं त्याच्या पदरीं क्षुद्र आंकडा पडावा, अशी ही मांडणी आहे. बाहेरच्या अरुंद पट्ट्यांत बाण बसला तर गुण दुप्पट, मधल्या अरुंद पट्ट्यांत बसला तर तिप्पट. या पट्ट्यांची रुंदी अवघी आठ मिलिमीटर. अगदीं मध्यभागीं जो लाल ठिपका, त्याचे गुण पन्नास.

प्रत्येकानें ५०१ पासून उतरत उतरत बरोबर शून्यावर यावयाचें, आणि शेवटचा बाण दुप्पटीच्या पट्ट्यांत किंवा मधल्या लाल ठिपक्यांतच बसला पाहिजे, असा नियम आहे. एका खेपेस तीन बाण. त्यामुळें नुसता नेम असून भागत नाहीं. किती उरले, ते कोणत्या तीन आंकड्यांनीं फेडावे, पहिला बाण चुकल्यास दुसरा कोठें मारावा, हा हिशेब क्षणार्धांत मनांत व्हावा लागतो. ज्यांनीं लहानपणीं पावकी-निमकी घोकली आहे त्यांस या खेळाची गोडी लवकर कळेल. बत्तीस उरले असतील तर चांगला खेळाडू संतुष्ट असतो. कां, तर सोळाची दुप्पट साधली तर डाव संपला. ती हुकून बाण साध्या सोळांत पडला तर सोळा उरतात आणि आठाची दुप्पट हवी. तीही तशीच हुकली तर चाराची, मग दोहोंची, मग एकाची. चुकीलाही जेथें वाट ठेवलेली असते असा हा आंकडा आहे.

आतां आमच्या नायकाकडे वळूं. एरिक ब्रिस्टो याचा जन्म २५ एप्रिल १९५७ रोजीं लंडनच्या हॅकनी भागांत झाला. वडील भिंतींना गिलावा करणारे कारागीर, आई टेलिफोनवर काम करणारी. अकराव्या वाढदिवशीं वडिलांनीं त्यास डार्ट्सची तबकडी आणून दिली. हुशार मुलांस घेणाऱ्या शाळेंत त्याचा प्रवेश झाला होता, पण चवदा-पंधरा वर्षांचा असतांनाच त्यानें ती शाळा सोडली आणि वडिलांबरोबर पबांत जाऊन मोठ्या माणसांशीं खेळूं लागला. त्या वयांतील आपलें वर्तन फारसें सरळ नव्हतें, मारामाऱ्या व त्याहून वाईट उद्योगही आपण केले, हें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लपविलेलें नाहीं. आपल्या एखाद्या घरांत मुलानें उठून सांगितलें असतें कीं, ‘मी आतां शाळेंत जात नाहीं, विटीदांडूवर पोट भरीन,’ तर आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांची सभा भरली असती, आणि मुलाची बाजू घेणारी आजीखेरीज दुसरी कोणी निघाली नसती. हॅकनीच्या त्या घरांत सभा भरली नाहीं. वडिलांनीं मुलाच्या हातांत कांहीं तरी आहे एवढें ओळखलें आणि त्यास बरोबर नेलें. तें बरें केलें कीं वाईट, याचा निकाल आम्ही देत नाहीं. शेवटपर्यंत वाचल्यावर ज्यानें त्यानें तो करावा.

१९७६ सालीं तो अमेरिकेंत खेळावयास गेला असतां सँटा मोनिका येथील ‘क्राफ्टी कॉक्नी’, म्हणजे ‘धूर्त लंडनकर’, या नांवाच्या पबांत गेला. तेथील सदरा त्यानें अंगांत चढविला आणि तें नांव त्यास कायमचें चिकटलें. त्याची बाण धरण्याची ढब निराळी होती. तीन बोटांत बाण आणि करंगळी वर ताठ, जणूं चिनी मातीच्या नाजूक पेल्यांतून चहा पीत आहे! लोक प्रथम हसले. पुढें हजारों पोरें तशीच करंगळी ताठ धरून खेळूं लागलीं.

तो काळही त्यास अनुकूल होता. डार्ट्सची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा नॉटिंगहॅम येथें १९७८ सालीं भरली. पहिलें बक्षीस होतें तीन हजार पौंड. तींत ब्रिस्टो पहिल्याच फेरींत एका अमेरिकन खेळाडूकडून हरला. पण दूरचित्रवाणीवाल्यांनीं एक युक्ति काढली होती: पडद्याचे दोन भाग करून एकांत तबकडी आणि दुसऱ्यांत खेळाडूचा चेहरा दाखवावयाचा. बाण कोठें लागला हें पाहतांना मारणाराच्या कपाळावरची आठीही दिसूं लागली. कारखान्यांतील माणसांचा हा करमणुकीचा खेळ घरोघरच्या बैठकीच्या खोलींत शिरला तो या युक्तीमुळें, आणि त्यांतून डार्ट्सवर चरितार्थ चालविणारा एक वर्ग निर्माण झाला. त्या वर्गाचा अग्रणी ब्रिस्टो. १९८० सालीं बॉबी जॉर्ज याला पांचास तीन सेटांनीं हरवून तो जगज्जेता झाला. १९८१ सालीं जॉन लो याला हरवून पुन्हां झाला. तेव्हां त्याचें वय पुरें चोवीसही नव्हतें.

त्याच्या पराभवांपैकीं एक सांगण्यासारखा आहे. १९८३ च्या अंतिम सामन्यांत त्याच्यापुढें कीथ डेलर नांवाचा नवखा तरुण होता. दोघांचे पांच पांच सेट झाले होते. निर्णायक सेटांत ब्रिस्टोचे १२१ उरले होते आणि डेलरचे १३८. ब्रिस्टोनें दोन बाणांत एकाहत्तर काढले. उरले पन्नास, हातांत एक बाण. मधल्या लाल ठिपक्यावर तो बाण बसता तर तेथेंच डाव आटोपून सेट त्याच्या बाजूनें लढता राहिला असता. पण १३८ हे तीन बाणांत फेडणें कठीण, हा पोरगा तें करूं शकणार नाहीं, असा हिशेब करून त्यानें जोखीम घेतली नाहीं. साधे अठरा मारून त्यानें आपले आवडते बत्तीस उरवून ठेवले. डेलर पुढें आला. विसाची तिप्पट, साठ. अठराची तिप्पट, चौपन्न. बाराची दुप्पट, चोवीस. एकूण १३८, आणि अजिंक्यपद डेलरचें. गणित ब्रिस्टोचें चुकलें नव्हतें. पुन्हां तोच प्रसंग आला असता तर बहुतेक शहाण्या खेळाडूंनीं तेंच केलें असतें. समोरच्या माणसाचा हात मात्र कोणाच्याच गणितांत धरतां येत नाहीं.

हा घाव त्यानें भरून काढला. १९८४, १९८५ आणि १९८६ अशीं तीन वर्षें लागोपाठ तोच जगज्जेता. १९८६ च्या अंतिम सामन्यांत तर प्रतिस्पर्ध्यास एकही सेट मिळूं दिला नाहीं. एकोणतिसावें वर्ष पुरें होण्याच्या आंत पांच अजिंक्यपदें! पैसा, मोटार, वर्तमानपत्रांत छायाचित्रें, सर्व कांहीं आलें, उर्मटपणाही आला. प्रेक्षक हुर्यो करीत, तर हा त्यांच्याकडे वळून हंसे आणि पुढच्या बाणानें त्यांचीं तोंडें बंद करी.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, स्वीडनमधील एका स्पर्धेंत, तो रेघेवर उभा राहिला, हात मागें घेतला, पुढें आणला, आणि बाण बोटांतून सुटेना.

हात दुखत नव्हता. कोठें मुरगळलें नव्हतें, सुजलें नव्हतें. डोळ्यांस लक्ष्य दिसत होतें, मनास मारावयाचें होतें, हात पुढें जात होता. पण ज्या क्षणीं बोटांनीं उघडावयाचें त्या क्षणीं तीं उघडत नव्हतीं. ज्या मनुष्यानें हीच क्रिया लाखों वेळां केली, तिच्यावर घरदार उभारलें, त्यास ती करतां येईना. डार्ट्स खेळणारांत या व्याधीस ‘डार्टायटिस’ असें अर्धवट थट्टेचें नांव आहे. पण ती थट्टा नव्हे. लेखनिकाचीं बोटें लेखणी धरतांच वळतात आणि एरवीं जेवतांना, गुंडी लावतांना नीट चालतात. वादकाचें एखादें बोट वाद्यावर ठेवतांच आंखडतें आणि वाद्य खालीं ठेवलें कीं मोकळें होतें. त्यांतलाच हा प्रकार, असें पुष्कळ जाणते मानतात. यांत मज्जातंतूंचा दोष किती आणि भीतीचा किती, हें प्रत्येक रोग्याच्या बाबतींत सारखें नसतें. जी गोष्ट सरावानें आपोआप होऊं लागली, तिच्याकडे मन एकदां वळून पाहूं लागलें कीं ती अडते, एवढें मात्र आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. भोजनास बसलेल्या पंक्तींत रोजचा पाठ असलेला श्लोक म्हणतांना मध्येंच ‘पुढें काय’ असा विचार आला कीं जीभ थबकते. आपली जीभ थबकली तर शेजारचा श्लोक पुरा करतो. ब्रिस्टोचा हात थबकला तो दूरचित्रवाणीच्या अर्ध्या पडद्यावर, साऱ्या देशासमोर.

त्यानें खेळ सोडला नाहीं, हें त्याच्या स्वभावाचें बळ. तसाच अडखळत, कधीं हात मागेंपुढें हलवीत, कधीं बाण कसाबसा ढकलून देत तो खेळत राहिला. १९८७ सालीं आणि १९८९ सालीं तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण दोन्ही वेळां हरला. १९८९ सालीं त्यास सरकारी किताब मिळाला. बाहेरून पाहणारास वाटावें, सर्व ठीक आहे. पण ज्या हातानें त्यास मोठें केलें तो हात आतां त्याचा राहिला नव्हता.

आमच्या गोष्टीचा खरा भाग येथून पुढें आहे. ब्रिस्टो त्या सुमारास स्टोक-ऑन-ट्रेंट या गांवांत राही. चिनी मातीच्या भांड्यांसाठीं हा मुलूख प्रसिद्ध असून अर्नोल्ड बेनेट याच्या कादंबऱ्या ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस तो परका वाटणार नाहीं. तेथील बर्स्लेम भागांत ब्रिस्टोनें स्वतःचा पब काढला होता. नांव अर्थातच ‘क्राफ्टी कॉक्नी’. जवळच फिल टेलर नांवाचा एक कामगार राहत असे. जन्म १९६० चा; एका कारखान्यांत चिनी मातीच्या मुठी बनविण्याचें काम; पगार आठवड्यास बावन्न पौंड; घरीं बायको आणि लहान मुलें. तो पबांत खेळावयास येई. त्याचा हात ब्रिस्टोनें पाहिला.

त्यानें टेलरला सांगितलें, नोकरी सोड, दिवसभर सराव कर, स्पर्धांना जा; खर्च माझा. सुमारें दहा हजार पौंड त्यानें या कामीं लावले. हें दान नव्हतें. पैसे परत करावयाचे हें ठरलेलें होतें, आणि ब्रिस्टो तें विसरूं देणारा मनुष्य नव्हता. त्याची शिकवणही मायेची नव्हती. टेलरनें पुढें अनेकदां सांगितलें आहे कीं, परगांवच्या स्पर्धेंत दुसरा क्रमांक मिळाला म्हणून आपण मोठ्या आनंदानें टेलिफोन केला, तर ब्रिस्टोनें तो खाडकन् खालीं ठेवला. जिंकल्याखेरीज टेलिफोन करावयाचा नाहीं, एवढाच त्याचा धडा. आपल्याकडे जुन्या उस्तादांच्या घरीं शागीर्दानें वर्षानुवर्षें एकच पलटा घोटावा आणि ‘ठीक’ एवढा शब्दही कानीं पडूं नये, याच्या कथा आपण कौतुकानें ऐकतों. त्याच जातीचें हें.

ब्रिस्टोनें हें कां केलें? केवळ व्यापार म्हणावा तर त्याच्यापाशीं पैशाला तोटा नव्हता, आणि एका अप्रसिद्ध कामगाराच्या हातावर पैसे लावणें हा कांहीं शहाणपणाचा व्यापार नव्हे. केवळ औदार्य म्हणावें तर त्याच्या बोलण्यांत औदार्याचा लवलेश नसे. आमचें मत असें कीं, काळाचा क्रम पाहिला म्हणजे उत्तर बरेंचसें मिळतें. स्वतःचीं बोटें उघडेनाशीं झालीं त्यानंतर थोड्याच काळानें ही शिकवणी सुरू झाली. जी विद्या डोक्यांत पुरी आहे, पण हातांतून बाहेर पडत नाहीं, ती दुसऱ्याच्या हातांत घालावी, ही ओढ ज्यांनीं आवाज गेलेला गवई शिकवितांना पाहिला आहे त्यांस निराळी समजावून सांगावयास नको.

टेलर १९८८ सालीं कॅनडांतील खुली स्पर्धा जिंकला. १९९० सालच्या जागतिक स्पर्धेंत तो उतरला तेव्हां त्याला मानांकन नव्हतें, आणि पैज लावणाऱ्या पेढ्यांनीं त्याचा भाव एकास सव्वाशें असा ठेवला होता. म्हणजे तो जिंकेल असें म्हणून एक पौंड लावणाऱ्यास सव्वाशें मिळावयाचे. एकेक फेरी ओलांडीत तो अंतिम सामन्यास आला. समोर एरिक ब्रिस्टो.

पुत्राकडून आणि शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, असें आपले पूर्वज सांगत आले. पण तें सांगणें सोपें, तें घरीं बसून. येथें हजारों लोकांसमोर, आपणच पैसे पुरवून तयार केलेल्या मनुष्यापुढें, अर्धा हात गमावलेला गुरु रेघेवर उभा होता. आणि तो हरण्याची इच्छा धरणारांपैकीं मुळींच नव्हता. सामना एकतर्फी झाला. टेलरनें सहास एक असे सेट घेतले. मुरवत दाखविली नाहीं, आणि दाखविली असती तर ब्रिस्टोनें त्यास पुन्हां दारांत उभें केलें नसतें असें आम्हांस वाटतें. विजेत्याचें बक्षीस चोवीस हजार पौंड होतें.

पुढील वर्षीं ब्रिस्टो पुन्हां अंतिम सामन्यास आला आणि डेनिस प्रीस्टलीकडून एकही सेट न मिळतां हरला. त्यानंतर त्याचा उतार झपाट्यानें झाला. दरम्यान दूरचित्रवाणीवरील डार्ट्सचे कार्यक्रम कमी झाले, बक्षिसें आटलीं, आणि १९९३ सालीं ब्रिस्टो, टेलर आदि प्रमुख खेळाडू जुनी संस्था सोडून निराळ्या संस्थेंत गेले. त्या भांडणाची हकीकत लांबलचक व कोर्टकचेऱ्यांची आहे. ती येथें नको. धंदा म्हणून या खेळाचें आजचें जें रूप आहे तें त्या फुटीतून आलें, एवढें पुरे. १९७८ सालीं जेथें तीन हजार पौंड होते तेथें २०२५ च्या जानेवारींत ल्यूक लिट्लर या सतरा वर्षांच्या मुलानें जगज्जेता म्हणून पांच लाख पौंड घेतले.

गुरुशिष्यांची आणखी एक गांठ मात्र सांगितलीच पाहिजे. १९९७ सालीं नव्या संस्थेच्या जागतिक स्पर्धेंत ब्रिस्टो उपांत्य सामन्यापर्यंत आला. वय चाळिशीस टेकलेलें. दहा वर्षें हाताशीं झुंजण्यांत गेलेलीं. समोर टेलर, त्या वेळचा अजिंक्य. त्या रात्रीं ब्रिस्टोचीं बोटें उघडत होतीं. त्यानें सामना चारास चार सेट इथपर्यंत ओढला. नववा सेट टेलरनें घेतला. जुन्या ब्रिस्टोचें दर्शन प्रेक्षकांस झालें तें हें शेवटचें. तो त्या पायरीपर्यंत पुन्हां आला नाहीं.

टेलर एकूण सोळा वेळां जगज्जेता झाला. त्यांत १९९५ पासून २००२ पर्यंत सलग आठ वेळां. गुरूचे पांच, शिष्याचे सोळा. ब्रिस्टो खेळ सोडल्यावर दूरचित्रवाणीवर सामन्यांविषयीं बोलूं लागला, पण जीभ त्याच्या ताब्यांत कधींच नव्हती. २०१६ सालीं बालपणीं अत्याचार सोसलेल्या फुटबॉल खेळाडूंविषयीं त्यानें अत्यंत अनुदार उद्गार काढले. मागाहून त्यानें क्षमा मागितली, पण तें काम गेलें तें गेलेंच, आणि तें जाणें योग्यच होतें. त्याच्या पायांवर डोकें ठेवावें असा हा गुरु नव्हे, हें आमच्या वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेलच.

२०१८ सालच्या पहिल्या दिवशीं सत्तावन्न वर्षांचा टेलर आपला शेवटचा अंतिम सामना खेळला आणि रॉब क्रॉस या पहिल्यांदाच त्या स्पर्धेंत उतरलेल्या खेळाडूकडून सातास दोन सेटांनीं हरला. त्यानंतर तीन महिन्यांनीं, ५ एप्रिलला, लिव्हरपूल येथें डार्ट्सचे सामने चालू असतां त्याच ठिकाणाबाहेर ब्रिस्टोला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांतच तो गेला. आंत जमलेल्या हजारों प्रेक्षकांस ही बातमी सांगण्यांत आली तेव्हां ते उभे राहून त्याच्या नांवाचें गाणें म्हणूं लागले. एके काळीं त्याची हुर्यो करणाऱ्यांपैकींही कित्येक त्यांत असतील. आणखी वीस दिवसांनीं तो एकसष्ट वर्षांचा व्हावयाचा होता.